दोन शब्दांमधली जागा

(प्रस्तावना)

मोडीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक ओळ लिहितो. आधी डावीकडून उजवीकडे लांब शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवत जायची, ही मोडीची रीत. ओळ अशी असते: दोनशेतघेतली. अक्षरे लागली की मी विचारतो, काय घेतले? अर्धा वर्ग सांगतो, दोन शेतं घेतली. उरलेले म्हणतात, शेताचा इथे काय संबंध, कुणीतरी गाय नाहीतर म्हैस दोनशेत घेतली असेल. दोघांचेही बरोबर असते. मोडी लिहिणारा कारकून अनुस्वार देईलच असे नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तो करत नाही आणि दोन शब्दांमध्ये जागा तर सोडतच नाही. कागदावर शेतही नाही आणि रुपयेही नाहीत, आहे ती अक्षरांची रांग. शब्द वाचणाऱ्याने तोडायचे.

अक्षरे मोडून लिहायची म्हणून मोडी, असे सांगतात. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याने तेराव्या शतकात ती रूढ केली, हीही परंपरेनेच सांगितलेली गोष्ट. खरेखोटे काही असो, ही लिपी अक्षर मोडायला लगेच तयार असते, शब्द तोडायला मात्र नाही. बोरू उचलावा लागू नये आणि हात थांबू नये, एवढाच लिहिणाऱ्याचा हिशेब. त्याचा जो वेळ वाचला तो वाचणाऱ्याच्या नावे उधार मांडला गेला, आणि शंभर-दीडशे वर्षांनी ती उधारी आपण फेडत बसलो आहोत.

चिनी वाचणारा माणूस ही उधारी रोज फेडतो. चिनी लिपीत एक चिन्ह म्हणजे बहुधा एक उच्चार आणि एक अर्थ. पण शब्द एका चिन्हाचा असतो, दोनाचा असतो, चाराचाही असतो, आणि छापील पुस्तकातसुद्धा शब्दांमध्ये जागा नसते. नानजिंग शहरात यांगत्से नदीवर १९६८ मध्ये एक मोठा पूल बांधून झाला. त्याचे नाव सात चिन्हांत असे लिहिता येते: नान, जिंग, शी, छांग, ज्यांग, दा, छ्याओ. 'नान-जिंग-शी' म्हणजे नानजिंग शहर, 'छांग-ज्यांग' म्हणजे लांब नदी, अर्थात यांगत्से, आणि 'दा-छ्याओ' म्हणजे मोठा पूल. पण चौथे चिन्ह 'जांग' असेही वाचता येते, आणि 'शी-जांग' म्हणजे महापौर. मग मागे उरते 'ज्यांग दाछ्याओ', जे एखाद्या माणसाचे नाव म्हणून सहज खपून जाईल. तोड एका चिन्हाने पुढे सरकली की नानजिंगच्या पुलाचा नानजिंगचा महापौर होतो. चीनमध्ये शब्द तोडण्याच्या विषयाची पहिली तासिका बहुधा याच पुलावरून जाते.

या पुस्तकाचा विषय हाच. जागा न सोडता लिहिलेल्या मजकुरातून शब्द वेगळे करणे आणि ते काम यंत्राकडून करून घेणे. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, पदच्छेद. चिनी मजकुराचा पदच्छेद करणाऱ्या तयार लायब्रऱ्या आज कुणालाही फुकट मिळतात. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांचे कपाट नव्हे. दुसऱ्याने लिहून, तपासून ठेवलेला प्रोग्राम आपण आपल्या प्रोग्रामात बोलावून घेतो, त्याला संगणकवाले लायब्ररी म्हणतात. मजकुरात शब्द शोधणे, शब्द मोजणे, भाषांतर करणे, लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवणे, या सगळ्यांची पहिली पायरी पदच्छेद ही आहे. ती घसरली तर पूल शोधायला गेलेल्याच्या हाती महापौर लागतो.

काम वाटते तेवढे लहान नाही. सहा अक्षरांच्या रांगेत पाच फटी असतात. प्रत्येक फटीत तोडायचे किंवा नाही, म्हणजे तोडण्याचे ३२ प्रकार झाले. तीस अक्षरांच्या ओळीत हेच प्रकार ५३ कोटींच्या वर जातात. माणूस त्यातला एक क्षणात निवडतो आणि आपण काही निवडले हे त्याला कळतही नाही. यंत्राला निवडायला शिकवायचे तर आधी आपण कसे निवडतो ते सांगावे लागते, आणि सगळी अडचण तिथेच सुरू होते.

शब्दांमधली जागा लिपीच्या जन्माबरोबर आली, असा आपला समज असतो. तसे नाही. लॅटिन कित्येक शतके सलग लिहिली जात होती. सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडच्या मठांतल्या लेखकांनी जागा सोडायला सुरुवात केली, कारण लॅटिन ही त्यांची घरची भाषा नव्हती. घरच्या भाषेतले शब्द कानाला आपोआप सुटे होतात, परक्या भाषेतले होत नाहीत. आपल्याकडे तर हे काम लेखणीच्याही आधी, तोंडाने झाले. शाकल्याच्या पदपाठात ऋग्वेदातली संधीने जुळलेली पदे सुटी केलेली आहेत. त्यातली एक बारीक गोष्ट या पुस्तकाला फार उपयोगी पडली. पदपाठात तोडणे दोन तऱ्हांचे आहे. पद संपले की पूर्ण विराम घ्यायचा, आणि सामासिक पदाच्या आत सांधा असेल तिथे फक्त अवग्रह दाखवायचा. इथे तोडा, आणि इथे सांधा आहे पण तोडू नका, हे दोन निर्णय त्या परंपरेने वेगळे ठेवले.

आमच्या नांदेडला तर सलग लिहिणे आणि तोडून लिहिणे या दोन्ही रीतींची नावे आजही बोलण्यात आहेत. शीख परंपरेनुसार गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथेच आपल्या धर्मग्रंथाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. जुन्या हस्तलिखित प्रतींत ती आणि बाकीची सारी वाणी गुरुमुखीत सलग लिहिलेली असते. या लेखनाला 'लडीवार' म्हणतात, म्हणजे लडीसारखे अखंड. शब्द सुटे करून छापलेल्या प्रतीला म्हणतात 'पदच्छेद'. लडीवार वाचणारा पाठक वर्षानुवर्षे गुरूजवळ बसून शिकतो, कारण चुकीच्या ठिकाणी श्वास घेतला तर अर्थ बदलतो. शब्द कुठे तोडायचा हा प्रश्न इथे उपासनेचा भाग आहे.

छापखान्याने आपली नजर बदलली. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत निघाले. ते आपण बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत, शब्द सुटे असलेले वाचतो आणि पत्र असेच लिहिले होते असे मानतो. पण त्यातली प्रत्येक जागा संपादकाची आहे. मूळ कारकुनाने एकही सोडली नव्हती. संपादकांनी लाखो निर्णय घेतले आणि बहुतेक अचूक घेतले, पण ते कोणत्या नियमाने घेतले याची नोंद मागे राहिली नाही. माणसाने माणसासाठी केलेल्या कामात ते चालून जाते. यंत्राला शिकवताना चालत नाही.

चिनी लोकांना ही नोंद ठेवणे भाग पडले, म्हणून या क्षेत्राचा इतिहास मुख्यत्वे त्यांचा आहे. त्यात चार घराणी दिसतात. एकाने दुसऱ्याला हटवले असे झाले नाही. आजच्या चांगल्या लायब्ररीत दोन-तीन घराण्यांची गायकी एकत्र ऐकू येते.

पहिले घराणे शब्दसूचीवाल्यांचे, १९८० च्या दशकातले. मोठी शब्दसूची घ्यायची, ओळीच्या सुरुवातीपासून जुळणारा सर्वांत लांब शब्द उचलायचा, तिथे तोडायचे आणि पुढे जायचे. मराठीत करून पाहा. 'रामालाडूदे' या ओळीत सर्वांत लांब शब्द 'रामाला'. तो उचलला की मागे 'डूदे' उरते आणि बिचारा रामा लाडूवाचून राहतो. तीच ओळ शेवटाकडून उलटी कापत आलात तर 'दे', 'लाडू', 'रामा' असे नीट सुटते. 'दोनशेतकरीआले' चेही तेच. पुढून कापले तर 'दोनशे' आणि निरर्थक 'तकरी', मागून कापले तर 'आले', 'शेतकरी', 'दोन'. चिनीतही मागून कापणे पुढून कापण्यापेक्षा बरे ठरते, हा जुना अनुभव. पण 'पणतीआली' घ्या. पुढून कापा, मागून कापा, लांब शब्दाचा नियम दरवेळी 'पणती'च उचलणार. 'पण ती' त्याच्या हाती कधीच लागणार नाही.

दुसरे घराणे गणतीवाल्यांचे. त्यांनी विचारले, लांबीवर का जाता, कोणता शब्द किती वेळा येतो ते पाहा. 'पण' आणि 'ती' हे दोन्ही शब्द इतके येतात की 'पण ती' ची बाजू आपोआप जड होते. १९९० च्या दशकात या विचाराने मूळ धरले. रिचर्ड स्प्रोट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चिनीसाठी अशी एक पद्धत मांडली. तिच्याइतकाच महत्त्वाचा होता त्यांनी केलेला माणसांवरचा प्रयोग. चिनी मातृभाषा असलेल्या माणसांना तीच वाक्ये तोडायला दिली, तर त्यांचे आपसात सरासरी सुमारे ७६ टक्केच जुळले. म्हणजे एकच बरोबर उत्तर कुठे लिहून ठेवलेले आहे आणि यंत्राने ते फक्त शोधायचे, अशी स्थितीच नाही.

आज नवखा माणूस ज्या लायब्ररीपासून सुरुवात करतो ती जिएबा याच घराण्यातली. २०१२ मध्ये ती पायथन भाषेत खुली झाली. जिएबा या चिनी शब्दाचा अर्थ तोतरा. बोलताना जो शब्दाशब्दाला अडखळतो तो. शब्द तोडणाऱ्या यंत्राला याहून नेमके नाव सापडले नसते. तिच्याबरोबर साडेतीन लाखांच्या आसपास शब्दांची सूची येते आणि प्रत्येक शब्दापुढे त्याची वारंवारिता असते. ती ओळ कशी तोडते हे सांगायला मला मुदखेडच्या स्टेशनावर जावे लागते. नांदेडहून आलेल्या गाडीला इथून दोन वाटा फुटतात. एक उमरी-धर्माबादवरून निजामाबादकडे जाते, दुसरी भोकर-किनवटवरून आदिलाबादकडे. जिएबा प्रत्येक ओळीचा असाच रेल्वेनकाशा काढते. अक्षरांमधली प्रत्येक फट हे एक स्टेशन, आणि सूचीत सापडलेला प्रत्येक शब्द हा दोन स्टेशनांमधला रूळ. 'दोनशेतकरी' ला पहिल्या स्टेशनावरून 'दोन' आणि 'दोनशे' असे दोन रूळ निघतात. एकेका अक्षराचा रूळ नेहमीच असतो, त्यामुळे गाडी अडत नाही, पण तसा प्रवास फार दुर्मीळ मानला जातो. मग प्रत्येक रुळाच्या वारंवारितेवरून कोणता पूर्ण मार्ग सर्वांत संभवनीय हे काढायचे. सगळे मार्ग तपासत बसायचे नाही. शेवटच्या स्टेशनापासून मागे येत, प्रत्येक ठिकाणचा उत्तम मार्ग टिपून ठेवत यायचे. ५३ कोटी प्रकारांची भीती या एका युक्तीने जाते.

सूचीत नसलेल्या शब्दांसाठी तिच्याकडे दुसरी सोय आहे. शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी कोणती चिन्हे सहसा येतात याच्या गणितावरून ती अनोळखी नावही जोडून काढते. तरीही ती चुकते, आणि कशी चुकते ते तिच्या कर्त्यांनीच उदाहरणाने सांगितले आहे. 'मध्ये' या अर्थाचे 'जोंग' आणि 'होईल' या अर्थाचे 'ज्यांग' ही दोन चिन्हे शेजारी आली की तिला त्यात लेफ्टनंट जनरल दिसतो, कारण त्या हुद्द्याचे चिनी नाव याच दोन चिन्हांचे आहे. अशा वेळी या दोघांना वेगळे ठेव असे तिला एका ओळीत सांगता येते. आपली स्वतःची सूचीही जोडता येते. यंत्राशी वाद घालायची ही सोय मला तिच्या अचूकतेहून मोलाची वाटते.

तिसरे घराणे खूणवाल्यांचे. न्येनवेन श्वे यांनी २००३ मध्ये प्रश्नच वेगळा मांडला. शब्द शोधूच नका. प्रत्येक अक्षराला एक खूण द्या: शब्दाचे पहिले, मधले, शेवटचे किंवा एकटे. 'दोनशेतकरी' मध्ये 'दो' पहिले, 'न' शेवटचे, 'शे' पुन्हा पहिले, 'त' आणि 'क' मधले, 'री' शेवटचे. खुणा लागल्या की शब्द आपोआप सुटतात. अक्षराला खूण द्यायची तर त्याच्या मागचे-पुढचे संदर्भ पाहता येतात. दिवाळीच्या मजकुरात 'पणती' आणि भांडणाच्या मजकुरात 'पण ती', हा फरक इथे यंत्राच्या आवाक्यात येऊ लागला. त्याच वर्षी जपानमध्ये सापोरोला चिनी पदच्छेदाची पहिली जाहीर चाचणी झाली आणि २००५ मध्ये दुसरी. पुढे न्यूरल नेटवर्क आली, पण खुणांची मांडणी तीच राहिली.

त्या चाचण्यांतून एक गोष्ट उघडी पडली. पेकिंग विद्यापीठाच्या संग्रहात आडनाव आणि नाव असे दोन शब्द मानले होते, मायक्रोसॉफ्टच्या संग्रहात पूर्ण नाव हा एकच शब्द. एका संग्रहावर शिकलेले यंत्र दुसऱ्यावर नापास होत होते आणि त्यात यंत्राचा दोष नव्हता. चीनने १९९२ मध्येच पदच्छेदाचे राष्ट्रीय मानक काढले होते, तरीही संस्थांच्या रीती वेगळ्या राहिल्या. फरक एवढाच की प्रत्येकीने आपली रीत लिहून ठेवली होती, म्हणून भांडण मुद्द्यावर होऊ शकले.

चौथे घराणे म्हणते, शब्द हवाच कशाला? १९९४ मधली फाइल लहान करण्याची एक युक्ती २०१५-१६ च्या सुमारास भाषांतरयंत्रांनी उचलली. शेजारी वारंवार येणाऱ्या अक्षरांच्या जोड्या चिकटवत जायच्या आणि त्यातून जे तुकडे तयार होतील ते वापरायचे. तो तुकडा शब्द असेल, अर्धा शब्द असेल किंवा नुसता प्रत्यय. आजची बहुतेक मोठी भाषा-प्रारूपे अशा तुकड्यांवर चालतात. २०१९ मध्ये तर चिनीसाठी पदच्छेदाची गरजच आहे का, असे विचारणारा शोधनिबंध आला आणि अनेक कामांत सुटी चिन्हे वापरणेच सरस ठरते असे त्याने दाखवले. मग हे पुस्तक कशाला, असे कुणी विचारील. तुकडे यंत्राला पुरतात. माणसाला कोशात शब्द शोधायचा असतो, जुन्या कागदातले गाव हुडकायचे असते, आणि यंत्राने काय वाचले ते तपासायचे असते. त्याला शब्दच लागतो.

आता आपल्या भाषेकडे येतो. बाळबोध मराठीत जागा आहेत, म्हणून आपला प्रश्न सुटलेला आहे, असे वाटते. 'मुदखेडकरांसाठीसुद्धा' हा एक शब्द पाहा. हिंदीत याच आशयाला चार-पाच सुटे शब्द लागतात, कारण तिथे कारकचिन्हे वेगळी लिहितात. आपण गाव, तिथला माणूस, अनेकवचन, 'साठी' आणि 'सुद्धा' हे सारे एका शिरोरेघेखाली बसवतो. जागेवर तोडणाऱ्या यंत्राला यात मुदखेड दिसतच नाही. बरे, सांध्यावर तोडले तरी सामान्यरूप आडवे येते. 'पाण्यात' मधून 'त' काढला तर उरते 'पाण्या', आणि 'पाण्या' कोणत्याही कोशात नाही. मोल्सवर्थपासून आजपर्यंतचे कोश 'पाणी' खाली उघडतात. मराठीत तोडणे पुरत नाही, तोडल्यावर मूळ रूप भरून द्यावे लागते.

यंत्रांची गत त्याआधीची आहे. पायथनमध्ये मजकुरातले शब्द वेचायची जी नेहमीची खूण आहे ती काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. तिला 'मुदखेड' दिले की 'म', 'दख' आणि 'ड' असे तीन तुकडे हाती येतात. वर किमान दोन अक्षरी शब्दच घ्यायचे, अशी अट घातली की नकाशावरून आमचे गाव जाऊन फक्त 'दख' उरते. गंमत म्हणून मी जिएबालाही 'मुदखेड' दिले. तिला चिनी चिन्हे कळतात, देवनागरी नाही. तिने म, उकार, द, ख, मात्रा, ड असे सहा तुकडे समोर ठेवले. नावाप्रमाणे वागली, अक्षरशः तोतरली. पण त्यातून एक गोष्ट पक्की होते. लायब्ररी उचलून आणता येते, भाषेबद्दलचा निर्णय उचलून आणता येत नाही. तो ज्याच्या त्याला घ्यावा लागतो.

आपल्याकडे काम झालेच नाही असे मुळीच नाही. संस्कृतच्या संधिविच्छेदासाठी फ्रान्समध्ये जेरार उए यांनी आणि हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांनी उभी केलेली साधने जगात वाखाणली जातात. आयआयटी मुंबईत मराठी शब्दजाल तयार झाले. अनूप कुंचुकुट्टन यांच्या इंडिक एनएलपी लायब्ररीत भारतीय लिप्यांची जाण असलेला पदच्छेद आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठी मजकुराचे मोठे संग्रह आणि त्यांवर शिकलेली प्रारूपे खुली केली. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडात जागा मिळाली, आणि २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी कागदाच्या चित्रावरून देवनागरी मजकूर काढणारे प्रारूप मांडले. उणीव आहे ती मधल्या दुव्याची. यंत्राने मोडी अक्षरे ओळखली तरी हाती येते ती 'दोनशेतघेतली' अशी रांग, आणि ती कुठे तोडायची याचा लिहून ठेवलेला नियम मराठीपाशी नाही.

हे आजच का निकडीचे? मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुने महसुली कागद उर्दूत आहेत, मोडीत आहेत, आणि दोन्ही लिप्या सलग धावतात. उर्दूच्या शिकस्ता वळणात तर एरवी न जुळणारी अक्षरेही जोडली जातात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तालुक्यातालुक्यांत मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. एका नोंदीवर एका घराचा जातीचा दाखला अवलंबून, आणि वाचणारे हात मोजके. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा आनंद आहे, पण जी भाषा स्वतःचे दोनशे वर्षांपूर्वीचे कागद सहज वाचू शकत नाही तिने त्या आनंदात फार वेळ घालवू नये.

या पुस्तकाने हाती घेतलेले काम मर्यादित आहे. वाचकाला चिनी येत नाही असे धरूनच चिनी लायब्रऱ्या चालवून दाखवल्या आहेत. उदाहरणे देवनागरीत आहेत आणि प्रत्येक पद्धत आधी पाटीवर, मग पायथनमध्ये केली आहे. नंतर त्याच पद्धती मराठीच्या सलग ओळींवर लावून कुठे चालतात आणि कुठे अडतात ते दाखवले आहे. पुस्तकाचे स्वतःचे म्हणणे एकच आहे, आणि ते पदपाठातून घेतलेले आहे. मराठीत तोड दोन पातळ्यांची मानावी. शब्द संपला तिथे जागा, शब्दाच्या आत सांधा आहे तिथे अवग्रह: मुदखेडऽकरऽआंऽसाठीऽसुद्धा. वाचणाऱ्याला सवयीचा शब्द अखंड मिळतो, शोधणाऱ्याला आतले गाव सापडते, आणि सामान्यरूपाचे मूळ रूप शेजारी नोंदवता येते. ही मांडणी शेवटची आहे असा दावा नाही. ती लिहून ठेवलेली आहे, म्हणून तिच्याशी भांडता येईल, एवढीच तिची मातब्बरी.

पुस्तक महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, मोडी वाचकांसाठी आहे, आणि ज्यांना आपल्या भाषेचा मजकूर यंत्रात घालून पाहायची खुमखुमी आहे त्यांच्यासाठी आहे. दस्ताचा निवाडा मात्र यातल्या कोणत्याही प्रोग्रामवर सोपवू नये. यंत्राने शंकेच्या जागा दाखवाव्यात, आणि त्या जाणत्या वाचकाने सोडवाव्यात.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात, पेटीच्या तळाशी, मोडीचा एखादा कागद असेल. त्यातल्या दहा ओळी जाणकाराकडून देवनागरीत उतरवून घ्या, पण एकही जागा न सोडता. मग घरातल्या दोघांनी, एकमेकांना न दाखवता, त्या दहा ओळी पेन्सिलीने तोडाव्यात. जिथे दोघांचे जुळणार नाही तिथे खोडाखोड करू नका, भोवती वर्तुळ काढा आणि कागद जपून ठेवा. उद्याच्या यंत्राला मराठी शिकवायला बसू, तेव्हा आधी ती वर्तुळेच लागणार आहेत.

मुदखेड, जि. नांदेड